झिजलेला टाक परत नेताना

स्वारगेटहून सकाळची कराड गाडी सुटली, तेव्हा माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक देव होता. चांदीचा टाक (देवघरात पुजायचा, प्रतिमा उमटवलेला छोटा पत्रा). घोड्यावर स्वार, मागे त्याची बायको; दोघांचेही चेहरे पार झिजलेले.

पुण्यातल्या ज्या हस्तकलेच्या दुकानात मी कामाला होते, तिथे तो काचेच्या कपाटात विकायला ठेवलेला होता. जुन्या वस्तूंची नोंद करण्याचा नवा कायदा आला आणि फॉर्मात रकाना आला, 'वस्तू कोठून मिळाली'. बाकीच्या दुकानदारांनी तिथे 'वडिलोपार्जित' लिहून हात झटकले. आमच्या मालकीणबाईंनी मात्र मला विचारलं, "कुणाच्या वडिलांची?" आणि मूळ मालकाची संमती आणायला पिटाळलं. मी मनातून चिडलेच होते. एका रकान्यासाठी दोन जिल्हे पालथे घालायचे म्हणजे काय!

कराडला गाडी बदलली. कडेगावात उतरेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि केसांत बोटभर धूळ. टाक आम्हाला विकणारे सोनार गोड बोलणारे निघाले. चहा पाजून त्यांनी सांगितलं, वडूजकडच्या धुळाआबा धनगरांनी तो मोडीत दिला होता. मला वाटलं, आता नुसती सही घ्यायची की परत.

दुसऱ्या दिवशी वडूजच्या अलीकडे एका फाट्यावर एसटीनं सोडलं. तिथे ऊस नाही, नुसता माळ. चपलेचा अंगठा तुटला आणि अर्धी वाट मी अनवाणी, स्वतःला नावं ठेवत चालले. धुळाआबा दारात मेंढी कातरत होते. सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या सुनेनं भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पुढं केलं, आणि जेवल्याशिवाय कामाचं बोलू दिलं नाही.

मग मी रुमाल सोडला. आबांनी हात धुऊन टाक घेतला आणि स्वाराच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"ह्यो आमचाच हाय. ह्याचं त्वांड माज्या आयच्या हातानं झिजलंय."

मग ते देव्हाऱ्याकडे वळले. तिथे नवा टाक होता, हळदीनं माखलेला. आबांनी सांगितलं, त्यांच्यात झिजलेला टाक मोडीत विकत नाहीत. तो वितळवून, त्यात थोडी नवी चांदी घालून नवा घडवतात, म्हणजे घरचा देव घरातच राहतो. त्यासाठीच त्यांनी तो सोनाराकडे दिला होता. सोनारानं जुना बाजूला काढून आम्हाला विकला आणि नवा निव्वळ नव्या चांदीचा करून दिला.

"मंग दोन वरसं आमी कुनाला पुजलं, ताई?"

मला लाज वाटली, फार वाटली. मग मी घाईघाईनं म्हटलं, हा असाच जपून ठेवा, तुमच्या नावानं नोंद करून देते, कुणी हात लावणार नाही. इतकी सुंदर जुनी वस्तू मोडू नये, असं मला खरोखर वाटत होतं.

"कागूद माज्या नावाचा झाला तर चांगलंच हाय," आबा म्हणाले. "पर जुना नव्यात मिसळाया पायजे. तुमी समूर बसा, म्हंजे झालं."

म्हणून आम्ही दोघं दोन्ही टाक घेऊन कडेगावला गेलो. सोनारानं मान वर केली नाही. मूस (धातू वितळवायचं छोटं भांडं) तापली. आबांनी आधी जुना टाक स्वतःच्या हातानं आत सोडला, मग नवा. जो जपून ठेवा असं मी म्हटलं होतं, तो माझ्या डोळ्यांदेखत वितळला. आबांनी हात जोडले, आणि मीही जोडले.

पुण्याला परतल्यावर फॉर्मावर लिहिलं, 'मूळ मालकास परत'. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटाला कुलूप लावलं. आत अजून अकरा टाक होते, सगळे झिजलेले, सगळे सोनारांकडून आलेले. कुठल्या तरी अकरा घरांत रोज सकाळी कुणीतरी नव्या टाकाला हळद लावत असेल, जुना त्याच्या आतच आहे अशा समजुतीनं.