तारापूरहून आणलेला घन

तारापूरला विजेचं केंद्र बांधलं जात होतं, त्या साठच्या दशकातली ही गोष्ट. माझी धाकटी बहीण सुमन सातपाटीच्या शाळेत नवी शिक्षिका होती. नोकरी कायम होणार की नाही, ते शनिवारच्या एका पाठावर ठरायचं होतं. विषय होता घनाकृती. तपासणीला येणारे साहेब मागच्या खेपेला म्हणाले होते, "कोळ्यांच्या पोरांना भूमिती कशाला हवी?" हे कानावर आलं आणि मी गुरुवारीच मुंबईहून पालघरची गाडी पकडली. साहेबांना सुनवायचं भाषण वाटेतच तयार झालं. त्या वर्षांत माझी भाषणं सभा पेटवायची, आणि हे तर घरचं होतं.

पालघरहून एसटीने सातपाटी. तिथे जायचं असेल तर दुपारी जा. उन्हात बोंबील टांगलेले असतात, नाकाला सवय व्हायला थोडा वेळ द्या. सुमन जानकीबाय नावाच्या कोळणीकडे राहायची. दारातच सुमन रडवेली उभी होती. पुठ्ठ्याच्या आकृत्या तिने खळ लावून केल्या होत्या. समुद्राच्या दमट हवेने त्या बसल्या होत्या.

"ताई, घनाचा पाव झाला गं."

जानकीबाय तव्यावर बोंबील परतत होती. "बाय, रडतं काय? हा गोला घे ना," म्हणत तिने जाळ्याला बांधायचा काचेचा गोळा पुढे केला. गोल मिळाला. दुधाच्या पावडरीचा डबा म्हणजे वृत्तचिती. शेंगदाण्याची पुडी, वर झाकण लावलं की शंकू. बर्फाची लादी ही इष्टिकाचिती, फक्त पाठ संपेपर्यंत टिकायला हवी होती. पण घन? सहाही बाजू सारख्या अशी वस्तू सातपाटीत सापडेना. खोके लांबट, मासळीच्या पेट्याही लांबट.

"माझा भाचा सांगतो, तारापूरला शिमिटाचे ठोकले करतात. दाबून फोडतात, पक्कं हाय का बघाय," जानकीबाय म्हणाली.

शुक्रवारी सुमन आणि मी पालघरहून गाडीने बोईसरला उतरलो आणि तारापूरची एसटी धरली. रस्ता धुळीचा, डोक्याला रुमाल असू द्या. बोईसरच्या टपरीवरचा चहा फार गोड, पण भजी गरम. कामावरच्या मुकादमाने आमचं म्हणणं ऐकलं आणि ढिगाऱ्यातून एक ठोकळा काढला. "कोना टूटा है, बहनजी. जाँच में नहीं चलेगा. ले जाओ."

परतीच्या एसटीत कंडक्टरने पिशवी उचलायचा प्रयत्न केला. "बाई, ह्यात काय हाय?"

"घन," सुमन म्हणाली.

"मग त्याचंबी तिकीट लागंल."

शनिवारी मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसले. भाषण जिभेच्या टोकावर होतं. सुमनचा आवाज आधी कापरा होता, मग लागला. मुलांनी गोळा फिरवला, डबा लवंडून घरंगळवला, लादीच्या कडा बोटांनी मोजता मोजता हात गारठवून घेतले. सगळ्यांनी नावं नीट घेतली. मग साहेबांनी पुढच्या बाकावरच्या एका मुलीसमोर ठोकळा ठेवला.

"हे काय?"

"घन."

"पृष्ठे?"

"सहा. सगली सारकी, चौरस."

"आणि कोपरे?"

मुलीने ठोकळा फिरवून पाहिला. मोडक्या जागेवर येऊन तिचं बोट थांबलं. सुमनने डोळे मिटले. मी उठायच्या बेतात होते.

"आठ हायत, सायेब. एक तारापूरला रायला."

साहेब हसले. जाताना सुमनला म्हणाले, "बाई, वर्ग चांगला तयार केलाय तुम्ही. कायम करण्याची शिफारस करतो." जानकीबायने त्या दिवशी पापलेट तळलं.

मुंबईला परतले तेव्हा ठोकळा वाहून खांदे अजून दुखत होते. त्यानंतर मी पुष्कळ सभा गाजवल्या. पण आयुष्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर पुढच्या बाकावरून आलं, आणि माझं भाषण तोंडातच राहिलं. इतकं हलकं मला कुठल्याही टाळ्यांनी वाटलं नाही.