टाकाऊचा कोरा मोर

मालू तरे बाईंना घाणीची किळस कधी आलीच नाही. बाळकुमच्या कोळ्यांची लेक. कोळंबी सोलत, खाडीचा चिखल तुडवत बी.एस्सी. झालेली. आंबलेली दुधाची पिशवी त्या उघड्या हातांनी उलटी करून धुतात. किळस येते ती चकचकीत खोटेपणाची, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेच्या दिवशी तर हमखास.

वर्षभर त्यांनी सातवीच्या पोरांना घोकवलं होतं: ओलं वेगळं, सुकं वेगळं, सुकं धुऊन वाळवायचं. वर्गात दोरीवर पिशव्या वाळत. आणि स्पर्धेच्या सकाळी मुख्याध्यापक हरिहर सर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाई, ती दोरी काढा आधी. पाहुणे येतायत, वास मारतोय."

"वास मारतोय तो त्या टेबलाला, सर."

टेबलावर मोर होता. टेंभी नाक्यावरच्या दुकानात ‘टाकाऊ किट’ मिळतं म्हणे! कोऱ्या काड्या, कोरी झाकणं, चमकी, डिंक. कचरासुद्धा विकत! सातवीतल्याच कृतिकाच्या आईने ते आणून स्वतःच मोर चिकटवला होता. शिवाय रिकामी बाटली हवी म्हणून भरलेलं सरबत बेसिनमध्ये ओतलं, हेही ती हसत हसत सांगत होती. अशा आयांना काय म्हणावं?

पाहुणे आले. "हे सगळं कचऱ्यातून? वा!"

आज हा मोर पहिला आला, तर उद्या पिशवी कोण धुणार? बाईंनी मोर उचलला.

"कृतिका, हा मोडला की कुठल्या डब्यात जाईल गं?"

"बाई, पाहुण्यांसमोर तमाशा नको," सर पुटपुटले.

कृतिका आईकडे बघत उभी राहिली. "बाई... कुठल्याच नाही. झाकण प्लॅस्टिक, काडी लाकूड, वरून चमकी. सगळं चिकटलंय. भंगारवालासुद्धा घेणार नाही."

"बरोबर. बस."

पाहुणे हसले, "हुशार आहे हो मुलगी!" आणि पहिलं बक्षीस मोरालाच दिलं. टाळ्या झाल्या. आईने फोटो काढले आणि मोर तिथेच ठेवून निघाली. "घरी कुठे ठेवू? धूळ बसते."

सर जाता जाता म्हणाले, "पुढल्या वर्षी स्पर्धा तुमच्याऐवजी संचिता मॅडम बघतील."

"बघू देत. किटसुद्धा त्याच आणतील."

वर्ग रिकामा झाला. एकटी कृतिका मोर मांडीवर घेऊन बसली होती, झाकणं नखाने उचकटत.

"शाळेची बस चुकेल गं. काय चाललंय?"

"एवढी निघतायत, बाई. धुतली तर घेईल ना भंगारवाला?"

बाईंनी चष्मा वर केला. "नख तुटेल, बावळट. थांब, कात्री आणते."