अक्काचा साधा स्वेटर

परवा आमच्या कॉलनीतली एक मुलगी अर्धवट विणलेला मोजा आणि मोबाईल घेऊन आली. मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाईच्या हातांचा व्हिडिओ चालू होता. "मावशी, ही कशी विणते बघा ना. माझ्या टाचेला भोकं पडतात, हिच्या पडत नाहीत." धुळ्यात आता लोकरीचं विणणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. त्यातली मी एक, म्हणून अशा विद्यार्थिनी अधूनमधून येतात. फी कोणी देत नाही, चहा मात्र माझाच जातो.

मी तिला दाखवलं. मोज्याची टाच असो की बाळाचं टोपडं, अंगाला जिथे फुगवटा असतो तिथे विणीलाही फुगवटा द्यावा लागतो. त्यासाठी ओळ शेवटपर्यंत न्यायची नाही. मधेच थांबायचं, सुया फिरवायच्या आणि परत यायचं. आम्ही त्याला अर्धी ओळ म्हणायचो. नुसतं फिरलं की तिथे भोक पडतं, म्हणून फिरण्याआधी पुढच्या टाक्याला धाग्याचा एक वेढा द्यायचा. नंतर पूर्ण ओळ विणताना तो वेढा सुईच्या टोकानं खालून उचलायचा आणि त्याच्याच टाक्याबरोबर विणून टाकायचा. वेढा पोटात जातो. दरवेळी एकाच जागी फिरायचं नाही, एकदा दोन टाके अलीकडे, एकदा पलीकडे, म्हणजे पायरी दिसत नाही. फिरल्यावरचा पहिला टाका जरासा ओढून घ्यायचा, पण जरासाच.

"कुठं फिरलात ते कळतच नाही हो!" मुलगी खूश झाली. "तुम्ही हे कशासाठी शिकलात?"

"मोज्यांसाठीच," मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. अक्का गेल्याला एक पावसाळा उलटला, पण विणकामाचं कोणी असं काही विचारलं की अजून मला खरं सांगवत नाही.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तेराव्या-चौदाव्या वर्षी तिचा कणा वाकडा वाढू लागला आणि उजव्या खांद्यामागचं हाड उचलून पाठीवर चांगला उंचवटा आला. डॉक्टरांनी चामड्याचा पट्टा दिला होता. तो तिनं वर्षभर बांधला, मग तो माळ्यावर गेला. तेव्हा आम्ही जळगावात दोन खोल्यांत राहायचो. वडील कचेरीत कारकून, दिवसाला दहा वाक्यंही न बोलणारे. आई शिंदखेड्याकडची, तोंडात कायम अहिराणी. बाहेर जायची वेळ आली की ती मला बजावायची, "तू अक्काना उजवा आंगे चाल. जराशी मांगे." म्हणजे मागून येणाऱ्यांना अक्काची पाठ दिसू नये. मी दोन वर्षांनी लहान, पण अंगानं आडवी. भिंत म्हणून उत्तम. अक्काला काही सांगावं लागत नसे. ती आपसूक माझ्यापुरती जागा सोडून चालायची.

शेजारी गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचं घर होतं. त्याची बायको, आमची चाची, बाजारातल्या एका दुकानासाठी लहान बाळांचे मोजे विणायची. मी दुपारभर तिच्या ओट्यावर. टाच कशी वळवायची ते तिनंच शिकवलं. मी धागा फार ओढला की म्हणायची, "गला मत घोट उसका, बेटा." महिनाभरात माझ्या टाचा तिच्यापेक्षा सफाईदार व्हायला लागल्या. ती हे सगळ्यांना सांगायची आणि मी फुगायचे.

बाजारचा स्वेटर अक्काला कधी नीट बसला नाही. उंचवट्यावर तो वर चढायचा आणि मागचा काठ उजवीकडून वीतभर उचललेला दिसायचा. खरं तर पाठीपेक्षा तो तिरका काठच आधी नजरेत भरायचा. मग मला सुचलं की मोज्याला टाच काढतात तशी स्वेटरच्या पाठीला काढली तर? कल्पना माझीच होती. हे मला कोणावर ढकलता येत नाही.

मी मरून रंगाची लोकर आणली. पाठीचा पल्ला विणत उंचवट्यापर्यंत आले आणि तेवढ्याच टाक्यांवर दोन्हीकडे फिरत अर्ध्या ओळी घातल्या, आतून वाटीसारखी खोलगट जागा होईपर्यंत. अक्कानं तो घातला तेव्हा उंचवटा त्या वाटीत बसला आणि खालचा काठ सरळ पट्टी लावल्यासारखा आला. आईनं तिला गोल फिरवून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मी जग जिंकलं.

त्याच हिवाळ्यात फैजपूरचं स्थळ आलं. केळीच्या बागा, घर मोठं, मुलगा सरळ. आईनं बघण्याची वेळ मुद्दाम सकाळी आठची ठरवली. त्या थंडीत स्वेटर घातल्याचं कोणाला नवल वाटणार नव्हतं. पातळावर स्वेटर, वरून दोन्ही खांद्यांवर पदर. अक्कानं आत मला विचारलं, "त्यांना सांगितलंय ना पाठीचं?" मी काही बोलायच्या आत आईच हो म्हणाली, "सांगेल शे. बठ्ठं सांगेल शे."

सांगितलेलं नव्हतं. आदल्या दिवशी आई वडिलांना "मंग सांगसूत, लगीन झाल्यावर" म्हणत होती ते मी ऐकलं होतं. मी पोह्यांवर कोथिंबीर पेरत राहिले.

बाहेर मुलाच्या आईनं अक्काच्या स्वेटरचा काठ हातात घेतला. बोटांनी चाचपला, जरा उलटून आतूनही बघितला. "काम फार सुबक आहे," ती म्हणाली. "कोणी विणला?" आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग सगळी बैठक माझ्याकडे बघत राहिली, माझ्याच हाताचं कौतुक करत राहिली, आणि मी मान खाली घालून हसत होते. अक्काकडे नंतर कोणी फारसं बघितलंच नाही. एवढं मात्र खरं की त्या सकाळइतकी मी आयुष्यात पुन्हा कधी स्वतःवर खूश झाले नाही.

लग्न माघात झालं. पुढे फाल्गुन गेला, चैत्र लागला. आमच्याकडचा उन्हाळा ठाऊक असलेल्याला वेगळं सांगायला नको. त्यात अंगावर सुती पातळ सहन होत नाही, तिथे स्वेटर कुठला! घरातल्या सगळ्या बायका गच्चीवर झोपायच्या. सासूनं सुनेची पाठ तिथे बघितली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मुली माहेरी येतात. वडील फैजपूरला जाऊन अक्काला घेऊन आले. सासूनं मोठी पिशवी भरून दिली होती. चार दिवसांच्या सणाला एवढे कपडे कशाला, म्हणून मी ती उघडली. सगळ्यात वर मरून स्वेटर होता. आखाजीच्या उन्हात, उलटा करून, नीट घडी घातलेला. मी झाकलेले सगळे वेढे वर. आई त्याच्याकडे बघत भिंतीला टेकून खाली बसली. गल्लीत लिंबाला झोके बांधले होते आणि मुली गाणी म्हणत होत्या. अक्कानं स्वेटर हातात घेतला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "म्हणजे सांगितलं नव्हतं?"

आखाजीनंतर सासरहून कोणी न्यायला आलं नाही. वडील दोनदा जाऊन आले, काय बोलणं झालं ते त्यांनी घरात सांगितलं नाही. नवऱ्याबद्दल अक्का पुढे माझ्याशी एकदाच बोलली. त्यानं लग्नानंतर आठवडाभरातच पाठ बघितली होती आणि "राहू दे" म्हणाला होता. पण स्वतःच्या आईपुढे तो ते दोन शब्दही बोलू शकला नाही. चाचीनं सगळं ऐकलं आणि मला एवढंच म्हणाली, "मैंने तो मोजे का सिखाया था." त्यानंतर मी तिच्या ओट्यावर गेले नाही, लाज वाटायची.

पहिली थंडी पडली तेव्हा अक्का माझ्याजवळ येऊन बसली. "मला एक साधा स्वेटर विणून दे. त्या अर्ध्या ओळी नको."

"तिरका बसेल गं."

"बसू दे. मला बघून कोणी नको म्हटलं असतं तर मी रडले असते आणि विसरले असते. मला कोणी बघितलंच नाही. तुम्ही बघू दिलं नाही."

मी लोकर आणली, निळी. खरंच साधाच विणायला बसले. पण पाठीपाशी आले तेव्हा तो उचललेला काठ डोळ्यांपुढे आला, त्याच्याकडे बघणारी गल्ली आली, आणि माझ्या कसबाचा माज म्हणा की बहिणीची माया म्हणा, मी पुन्हा अर्ध्या ओळी घातल्या. पहिल्यापेक्षाही सफाईनं. तिला कळणारच नाही असं मला वाटलं. केवढा मूर्खपणा! अक्कानं स्वेटर घातला, हात मागे नेऊन काठ चाचपला. तो सरळ होता. तिच्या अंगावर काठ सरळ आला याचा अर्थ एकच होता.

"बराबर बसला," ती म्हणाली. मग काढला, घडी घातली, दुसऱ्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या बाईला देऊन टाकला. त्या दिवसापासून माझ्या हातचं विणलेलं तिनं अंगाला लावलं नाही.

पुढे मी लग्न होऊन धुळ्याला आले. आईवडील गेल्यावर अक्कालाही इकडे आणलं. तिनं माझ्या शेजारच्या गल्लीत खोली घेतली आणि बालवाडीत नोकरी धरली. पोरं तिच्या पाठीवर हात ठेवून विचारायची, "बाई, इथं काय आहे?" ती म्हणायची, "माझं दप्तर." पोरं मान डोलवायची. इतका सोपा प्रश्न आमच्या घरात कोणी कधी मोठ्यानं विचारला नव्हता.

माझ्याशी तिचं वाकडं नव्हतं. रोज येणंजाणं, भांडणं, वांग्याचं भरीत, सगळं होतं. फक्त हिवाळ्यात ती एक पातळ शाल पांघरून कुडकुडत यायची आणि मी दरवर्षी विचारायचे, "विणू का?" ती म्हणायची, "साधा विणशील?" आणि दरवर्षी मी विषय बदलायचे. असे किती हिवाळे गेले! साधा विणायला हो म्हटलं असतं तर आधी मी काय केलं होतं तेही कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी बहिणीला थंडीत ठेवलं. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मागच्या हिवाळ्याआधी तिला धाप लागायला लागली. वाकड्या कण्यानं फुप्फुसं दाबली जात आहेत, उपाय फारसा नाही, थंडीपासून जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी मी न विचारता सुया काढल्या. मरून लोकर घेतली. प्रत्येक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. विणकाम शिकणारी पोरगीही करील असं काम, पण मला ते जमेना. पाठीपाशी आले की हात आपोआप थांबायचे, आपोआप वेढा घालायचे. दोनदा उसवावं लागलं.

स्वेटर देताना मी म्हटलं, "त्या सकाळी आईनं सांगितलं नव्हतं, ते मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं, की तुला माहीत होतं," अक्का म्हणाली. "कोथिंबीर किती घातली होतीस त्या पोह्यांवर! हिरवेगार झाले होते."

तिनं स्वेटर घातला, बटणं लावली आणि हात मागे नेला. काठ उजवीकडून वीतभर वर चढला होता. ती तो बराच वेळ चाचपत राहिली.

तो एकच हिवाळा तिला मिळाला. होळीपर्यंत तिनं तो रोज घातला.

तो घातल्याच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात चालत निघालो. सकाळची वेळ, रस्त्यावर शाळेची पोरं, भाजीच्या गाड्या. मी सवयीनं तिच्या उजव्या बाजूला, जराशी मागे. चार पावलांवर अक्का थांबली. धाप लागली असेल म्हणून मीही थांबले.

"तू पुढे हो," ती म्हणाली.

"अगं, पडलीस तर?"

"पडले तर हाक मारीन. हो पुढे."

मी पुढे झाले. मागून तिच्या चपलांचा आवाज येत होता, हळू, मधे थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला तिची पाठ दिसत होती. दवाखान्याच्या पायरीपर्यंत मी रडत गेले, आणि मी पुढे होते म्हणून तिला ते दिसलं नाही.