आमच्या घरच्या दुसऱ्या मॅडम

"दाबा. अजून दाबा. अजून हाये तुमच्यात."

मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र असतं. ते आमच्या ह्यांच्या उजव्या हातात द्यायचं, आपल्या तळव्यावर ह्यांचं कोपर तोलून धरायचं आणि काट्याकडे न बघता ह्यांच्या तोंडाकडे बघत असं म्हणायचं, ही दवाखान्यातून घरी येणाऱ्या त्या बाईची पद्धत. हे डोळे मिटून, दात आवळून दाबायचे. काटा जरासा हलायचा. "पाहा, होतं का नाई?" असं ती म्हणाली की हे शाबासकी मिळाल्यासारखे हसायचे.

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. आता तुम्हीच सांगा. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने चारचौघांत कधी माझा हात धरला नाही. जत्रेच्या गर्दीत चुकले असते तर लांबून हाका मारल्या असत्या, पण हात धरला नसता. आणि माझ्याच बैठकीत, माझ्याच दिवाणावर बसून परक्या बाईच्या हातावर कोपर टेकवून हसत होते. मला राग यायचा. त्या रागाचं नाव मला तेव्हाही ठाऊक होतं. मी जळत होते, चांगली धगधगून जळत होते.

आणखी एक गोष्ट. आंधळगावात मॅडम म्हणजे मी. इथल्या प्राथमिक शाळेत निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलं. घरीसुद्धा हे मला थट्टेने मॅडमच म्हणत. आणि आता सकाळी उठल्या उठल्या विचारायचे, "आज मॅडम येनार हायेत ना?" मी समोर झाडू मारत असायची.

ह्यांचं घराला लागूनच हातमागावरच्या साड्यांचं दुकान. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, तरी यकृत पार खराब झालं. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या दुखण्याने आणि चरबीने होतं असं. पण गावाचं तोंड कोण धरणार? भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली करून मला विचारायचा, "वहिनी, घेत होते का जी?" नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की यकृत बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि बदलायचं तर दोन अडचणी आहेत. एक, ह्यांच्या अंगात मांस उरलेलं नाही, एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही. दुसरी, यकृताचा तुकडा देणार कोण? मुलीचा रक्तगट जुळेना. माझा जुळला, पण तपासणीत माझ्याही यकृतावर चरबी निघाली. निघणारच, दोघांचा स्वयंपाक एकाच कढईतला. डॉक्टर म्हणाले, चरबी उतरवा, मग बघू. नाहीतर यादीत नाव घालून वाट बघा. त्या यादीतली किती माणसं वाट बघता बघताच जातात, हे तिथल्या बाकावर शेजारी बसलेल्या एकीने मला सांगितलं होतं.

ती आली ती त्या दवाखान्यातल्या एका संशोधनातून. ऑपरेशनची वाट बघणाऱ्या रोग्यांना आधीच घरी जाऊन नीट खाऊ घातलं, चालवलं, ताकदीला आणलं तर ऑपरेशननंतर ती माणसं जास्त चांगली सावरतात का, हे त्यांना तपासायचं होतं. अर्ध्या रोग्यांच्या घरी ही जाणार, अर्ध्यांना नुसता सल्ला. कोण कुठल्या गटात, हे कॉम्प्युटर ठरवणार. आमच्या ह्यांचं नशीब असं की घरभेटीच्या गटात नाव निघालं. हे इतके खूश झाले की मला वाटलं, लॉटरीच लागली.

ती मूळची सिहोऱ्याची, राहायची भंडाऱ्यात. चाळिशीच्या आतबाहेरची, शिडशिडीत, काळीसावळी. डोक्याला ओढणी गुंडाळून स्कूटीवर यायची. शिकलेली होती चांगली, पण रोग्यांशी आपली गावचीच भाषा बोलायची. पहिल्याच दिवशी ह्यांच्या ताटात डोकावली.

"हे काय हाये, ताई?"

"पेज."

"आनखी?"

"आनखी काय? आजारी मान्साले पेजच देतात."

माझ्या माहेरी, सासरी, साऱ्या मुलखात काविळीच्या माणसाला पेज देतात. तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, कारण पिवळ्याला पिवळं चालत नाही. आणि हलायचं नाही, पडून राहायचं. गळ्यात काविळीची माळसुद्धा मी घातली होती. मास्तरीण असले म्हणून काय झालं, नवऱ्याच्या बाबतीत मी कुठलीही कसर ठेवणार नव्हते.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला भांडता तरी आलं असतं. ती ह्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "भाऊ, पोटाले मिळत नाई तवा अंग सोताचंच मांस खाते. रात्री झोपाच्या आधी काही खाचं, सकाळी उठल्याबरोबर खाचं. वरन खा, मूग खा, अंडं खा. मीठ तेवढं कमी. आन् पडून राहाचं नाई, चालाचं." आणि हे, ज्यांनी माझ्या हातचं अंडं जन्मात खाल्लं नव्हतं, ते मान डोलावून म्हणाले, "खातो ना, मॅडम. काहून नाई खानार?"

दुसऱ्या दिवशी मी अंडी उकडली. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली. मी उकडलेली, मी सोललेली, आणि खाल्ली मात्र तिच्यासाठी.

मी आपली माझ्या मार्गाने निघाले होते. ह्यांच्या आयुष्यासाठी आणि माझ्या चरबीसाठी मी उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. देवही प्रसन्न होईल आणि वजनही उतरेल, असा माझा हिशोब. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर तूप, बटाट्याचा तळलेला कीस, शेंगदाण्याचे लाडू. उपाशी पोटी शाळा कशी करणार? फेरतपासणीला गेले तेव्हा चरबी वाढलेली. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मी घरी येऊन देवासमोर रडले.

हे तिला कळलं. ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, उपास जरा कमी करा ना. नाईतर उपासाले निस्त्या काकड्या खा."

माझ्या आणि माझ्या देवाच्या मधे येणारी ही कोण? "माझे उपास माझ्या नवऱ्यासाठी हायेत," मी म्हणाले. "तुमाले नाई कळाचं."

"बरं," ती म्हणाली. पुन्हा त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिचा हा गुण मला सगळ्यात जास्त झोंबायचा. एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं. मी एक गोष्ट दहादा सांगते, ती बाजूलाच पडते.

ती आठवड्यातून एकदा यायची. बाकीच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन. हे कानात त्या वायरी घालून गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर चालायला निघायचे आणि ती फोनवर त्यांच्याशी बोलायची. सुरुवातीला चार पावलं टाकून हे दगडावर बसायचे. मग हळूहळू लांब जायला लागले. जाताना हसत, बोलत जायचे. "हो मॅडम. नाई मॅडम. देवळापाशी आलो, मॅडम." माझ्याशी घरात "मीठ नाई याच्यात" याच्यापलीकडे बोलणं नाही, आणि तिथे रोज एवढं काय बोलायचं असतं?

एक दिवस मला राहवलं नाही. मी मागोमाग गेले. हे चक्कर येऊन पडलेबिडले तर कोणी हवं ना जवळ, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ऐकायचं होतं. पण ऐकू येण्याइतकं जवळ जायचं तर ह्यांच्या चालीने चालायला हवं, आणि हे आजारी असून माझ्यापेक्षा भराभर चालत होते. मला धाप लागली. ऐकू आलं ते फक्त "अजून पुढं? बरं बरं."

मग तेच माझं रोजचं झालं. फोन वाजला की मी चप्पल घालायची. उपासाच्या दिवशी खिचडी परतत असले तर गॅस बंद करून कढई तशीच टाकून निघायची. परत येईपर्यंत तिचा गोळा झालेला असायचा, मग तो शेजारच्या गाईला. मी काकडी खाऊन झोपायची. देवळापर्यंत, मग सांडव्यापर्यंत, मग पाळ संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथपर्यंत. एकदा हे मागे वळून म्हणाले, "तू काहून येऊन राहिली माझ्या मागं?" मी म्हणाले, "तलाव काय तुमच्या बापाचा हाये?" ते पुन्हा फोनकडे वळले आणि हसले. का हसले, ते मला नंतर बरेच दिवस टोचत होतं.

असं करता करता हिवाळा सरला. ह्यांच्या गालावर मांस दिसायला लागलं. माझे ब्लाऊज ढिले झाले. मला वाटलं, काळजीने झाले. डॉक्टरांनी दोघांनाही पुन्हा तपासलं. ह्यांना म्हणाले, आता ऑपरेशन झेपेल. मला म्हणाले, "चरबी उतरली की तुमची. काय केलंत?"

काय सांगणार? एका बाईचा पाठलाग केला, असं सांगू?

माझ्या यकृताचा मोठा तुकडा कापून ह्यांना बसवला. शुद्धीवर आले तेव्हा पोटात विळा फिरवल्यासारखं दुखत होतं. ह्यांना काचेच्या खोलीत ठेवलेलं. सारे नातेवाईक तिकडे, आळीपाळीने काचेला नाक लावून उभे. मुलगीसुद्धा बापाकडे, आणि ते बरोबरच होतं, मीच तिला पाठवलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बघते तर ही.

"मॅडम, तुमी इकडं काहून? तुमचा पेशंट तिकडं हाये," मी म्हणाले. त्या अवस्थेतही माझी जीभ काही गोड झाली नव्हती.

"तिकडं सारे पाहून राहिले. तुमाले कोन पाहून राहिलं?"

"तुमच्या अभ्यासात मी हाये का?"

"नाई. अभ्यास फक्त पेशंटचा हाये."

"मग?"

"मग काय? उशी नीट करून देतो." तिने उशी सरकवली, पायांवर चादर ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुमी भाऊच्या मागं मागं येत होत्या ना, ते मले फोनमधी ऐकू येत होतं. तुमची धाप ऐकू येत होती. म्हनून मी भाऊले म्हनत होती, अजून पुढं चाला, अजून पुढं. भाऊले तर देवळावरूनच वापस फिरवलं असतं तरी चाललं असतं."

म्हणजे इतके महिने मी तिच्यावर पाळत ठेवून होते आणि तीच मला चालवत होती. ह्यांनाही ठाऊक होतं, म्हणूनच ते हसले होते. मला इतका राग आला की टाके फुटतील असं वाटलं, आणि त्याच रागात मला रडू फुटलं. रडलं की पोट दुखायचं, दुखलं की आणखी रडू यायचं. ती उठली नाही. मुलगी येईपर्यंत तशीच बसून राहिली.

हे वाचले. इतके चांगले वाचले की आता दुकानात पहिल्यासारखे गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतात. आणि दुकानात येईल त्याला सांगतात, "त्या मॅडमनं वाचवलं मले." मी आत बसलेली असते. पोटावर एवढा मोठा व्रण माझ्या, आणि वाचवलं मॅडमनं! एकदा न राहवून मी बाहेर येऊन म्हणाले, "थोडं मीबी दिलं होतं जी." गिऱ्हाईक हसलं. हे नाही हसले. संध्याकाळी चालताना पहिल्यांदाच माझ्यासाठी पावलं हळू केली, आणि माझ्या शेजारून चालले.

अभ्यास संपला तेव्हा ती शेवटची आली. रोग्याच्या घरी जेवायचं नाही असा तिचा नियम, पण त्या दिवशी मी ताटच पुढे ठेवलं. तलावातली मासोळी, भात, वर लिंबू. ती मांडी घालून बसली आणि मागून घेऊन जेवली. जाताना मी तिला विचारलं, "एवढा अभ्यास कायले कराचा पन? आमचे हे वाचले, झालं ना?"

ती ओढणी गुंडाळत म्हणाली, "एक मानूस वाचला ते चांगलंच हाये, ताई. पन काहून वाचला हे कळलं, तर पुढच्यालेही वाचवता येते."

मग ती गेली. मला वाटलं होतं, बरं वाटेल. घर पुन्हा माझं, मॅडम पुन्हा मी. पहिल्या आठवड्यात तिच्या ठरलेल्या वारी दारात गाडीचा आवाज आला म्हणून मी दार उघडलं, तर गॅसचं सिलिंडर आलं होतं. त्या माणसावर मी विनाकारण खेकसले.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. आवाज दुसऱ्याच बाईचा. ह्यांची औषधं, जेवण, चालणं, सगळं विचारून झालं. मी फोन ओढून घेतला.

"आधीच्या मॅडम कुठं हायेत?"

"त्यांना आता दुसरे पेशंट दिलेत. साकोलीकडे जातात त्या."

"साकोलीकडं कोनाच्या घरी?"

"ते सांगता येत नाही, ताई."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तुले काय कराचं हाये? येत होती तवा तोंड फुगवून बसत होती, आता पत्ता विचारून राहिली."

साकोलीकडच्या त्या घरातली न पाहिलेली बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. तिचा नवरा अंथरुणावर असेल. तिला काय वाटत असेल ते मला ठाऊक आहे, तिच्यासाठी जीव तुटला. तिच्या दारात आता ही आपली स्कूटी उभी करत असेल, तिलाही ताई म्हणत असेल. उन्हातान्हाची जाते बिचारी, त्या बाईने हिला जेवल्याशिवाय सोडू नये, असं मनात आलं. आणि लगेच आलं, पण तिच्या हातचं हिला माझ्यापेक्षा जास्त आवडू नये.