नंबर बोला

ऐंशीच्या दशकात मी सौंसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. बोर्डावर आम्ही दोघीच. मी, आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, विधवा असलेली एक ताई. दोघीही रोजंदारीवर. भिंतीवर कागद चिकटवलेला होता: ग्राहकांशी कामापुरतंच बोलावं, ओळख वाढवली तर कामावरून कमी. म्हणून साहेबांनी शिकवलेल्या एकाच कोरड्या सुरात आम्ही म्हणायचो, "नंबर बोला."

संत्र्याच्या एका व्यापाऱ्याचा मुनीम रोज नागपूरचा ट्रंक कॉल मागायचा. लाइन लागेपर्यंत बराच वेळ जायचा. त्या वेळात मी त्याच्या प्रेमात पडले. तोंडही पाहिलं नव्हतं हो! नुसत्या आवाजावर भाळले, आणि वर स्वतःला मोठी शहाणी समजत होते.

एका दुपारी त्यानं विचारलं, "शनिवारी जामसांवलीले येता का दर्शनाले?" मी हसले. नेमके तेव्हाच साहेब आपल्या खोलीतून लाइन ऐकत होते. ते तरातरा बाहेर आले.

"गिऱ्हाइकासंग कोण हसून राहिलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि नजर तिथंच थांबली. विधवा बाई हसली म्हटल्यावर आणखी पुरावा कुणाला हवा असतो?

"मी नव्हती, साहेब," ताई म्हणाली.

"मंग हे पोरगी होती का?"

ताई गप्प झाली. मी बोर्डात वायर खुपसत बसले. कॉल एकही आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ताई आली नाही. मोहगावला माहेरी गेली, कापूस वेचायला जाते असं कानावर आलं. मुनीम मात्र खुशीत म्हणाला, "वाचलो ना आपण!" मला त्याची किळस आली. खरं तर माझीच आली होती, पण राग त्याच्यावर काढला. त्यानंतर त्याच्याशी एक शब्द जास्तीचा बोलले नाही.

काही महिन्यांनी मोहगावच्या पोस्टातून कॉल आला. "नागपूर पाह्यजे होतं," आणि मग जरा थांबून, "तूच ना व? कशी आहेस, बाई?"

साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. ताई आता ग्राहक होती.

"नंबर बोला," मी म्हटलं.

तिनं नंबर सांगितला. आमच्याच त्या कोरड्या सुरात.