पाळण्याचा हूक

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण खासबागेतल्या एका वायरमनचं आहे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. ते चौथीनंतर शाळेत गेले नव्हते. मी बी.एस्सी. झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच, आणि कामाला लावून घ्या म्हणून त्यांच्या दारात उभा होतो.

आमचं घर उचगावच्या बाजूचं, शेतीवरचं. वर्षभर नोकरीसाठी अर्ज करून झाले होते. विहिरीच्या मोटरीमुळं वडिलांची अण्णांशी ओळख होती, तेवढ्यावर मी गेलो.

"सायन्स शिकलास म्हंजे करंट येत असंल की तुला," अण्णा म्हणाले.

"पुस्तकातला येतो, अण्णा."

"मग भाईरचा मी शिकवतो. अक्षर कसं हाय?"

अक्षर चांगलं होतं. त्यांना तेच हवं होतं. शहापूर-वडगावातल्या विणकरांच्या घरांवर तेव्हा मजले चढत होते. स्लॅब ओतायच्या आधी त्यात वायरचे पाईप टाकून ठेवायचे असतात. एकदा काँक्रीट पडलं की पाईप कुठून गेलेत हे फक्त टाकणाऱ्याला माहीत. अण्णा तीस-चाळीस घरांचे पाईप डोक्यात घेऊन फिरत. वय झालं तशी त्यांना भीती वाटू लागली होती की एखादं घर आठवणार नाही आणि तिथंच कोणीतरी भोक पाडायला जाईल. म्हणून यापुढं प्रत्येक नव्या घराचा कागद करायचा, पाईप कसे गेलेत ते त्यावर काढायचं आणि मेन बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवायचा, हे माझं काम ठरलं.

बाकीचं हळूहळू आलं. टेस्टर आधी चालू पॉईंटवर लावून बघायचा, मग बंद केलेल्यावर, मग पुन्हा चालूवर. कारण टेस्टरच बिघडलेला असला तर तो सगळंच बंद दाखवतो. काढलेला फ्यूज तिथंच ठेवायचा नाही, आपल्या खिशात घालायचा. नाहीतर घरातलं कोणीतरी चांगल्या मनानं तो परत बसवतं. भिंतीतला पाईप बोर्डापासून सरळ वर न्यायचा, तिरका कधीच नाही.

"तिरका नेला तर पाईप कमी लागतो, अण्णा," मी एकदा हुशारी दाखवली.

"व्हय, आनि कॅलेंडरला खिळा मारताना बाई मरती. लई वाचवलास."

साताठ महिन्यांनंतरची गोष्ट. बाजारात वडगावचे एक विणकर भेटले. त्यांच्या घरी खाली माग आणि वर राहायची नवी खोली होती. खोलीच्या स्लॅबमधले पाईप आम्हीच टाकले होते. ते खुशीत होते.

"नातवाचं बारसं हाय परवा. पाळण्याला हूक मारायचाय वर. उद्या ड्रिल आणतोय. तुमचा कागद हाय म्हणून बरं झालं, न्हायतर कुठं भोक पाडायचं कळलं नसतं."

मला फार बरं वाटलं. घरी येऊन आईलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापुरात एका नव्या घराचं काम करत होतो. चहा आला. अण्णांनी माझा तिथला कागद हातात घेऊन उलटसुलट फिरवला.

"ह्यात दार कुठं हाय रं?"

"दार कशाला, अण्णा? पाईप सगळे काढलेत की."

"माणूस खोलीत कुठनं शिरतंय? तिथनंच बघणार न्हवं त्यो?"

मी हातातला कप खाली ठेवला. वडगावच्या कागदावरही मी दार काढलं नव्हतं. तो कागद मी स्लॅबच्या सळयांवर उभा राहून, रस्त्याकडे तोंड करून काढला होता आणि छान अक्षरात लिहिलं होतं : पाईप डाव्या भिंतीपासून तीन हात. पण त्या खोलीत माणूस शिरतो तो रस्त्याकडे पाठ करून. माझी डावी भिंत ती त्याची उजवी.

सांगितलं तर काम जाईल असं वाटत होतं. न सांगितलं तर काय जाईल तेही दिसत होतं. मग एका दमात सगळं सांगितलं, बारसं, ड्रिल, सगळं. अण्णांनी चहा तसाच ठेवला.

"फोन लाव त्यास्नी. आनि गाडी काढ."

फोन बंद लागत होता. अण्णांची मोटरसायकल मी चालवत होतो आणि मागं बसून अण्णा परत परत फोन लावत होते. वडगावात विणकरांच्या गल्लीत शिरलो आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. एकही माग वाजत नव्हता. लाईनच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून करंट बंद होता. करंट नाही म्हणून इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही.

वर गेलो तर विणकर स्टुलावर बसले होते. ड्रिल मांडीवर, प्लग बोर्डात लावलेला. वर छताला पेन्सिलीनं गोल केलेला. माझ्या कागदात पाईप डावीकडे, म्हणून त्यांनी मुद्दाम उजवीकडे, भिंतीपासून तीन हात मोजून खूण केली होती. अगदी पाईपाखाली.

"या, या. करंट यायची वाट बघत बसलोय," ते म्हणाले.

त्यांची आई, सगळे तिला आक्का म्हणत, बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला धापा टाकताना बघून म्हणाली, "बारसं उद्या हाय गा. आजच जेवायला आलासा व्हय?"

अण्णांनी आधी प्लग ओढून काढला. मग म्हणाले, "आमचा कागद चुकलाय. नवा देतो."

त्या कागदाला अण्णांचं बोटही लागलं नव्हतं. तरी ते 'आमचा' म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं करंट आला आणि गल्लीत एकेक माग खडखडू लागला. अण्णांनी त्या खोलीचा फ्यूज काढून खिशात टाकला, ड्रिलसाठी खालच्या खोलीतून वायर ओढून घेतली आणि दुसऱ्या बाजूला स्वतः हूक बसवला. त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. आक्का हसू लागली, "आधी तुमचंच बारसं करू काय?" मी खाली जमिनीवर बसून नवा कागद काढत होतो. पहिलं दार काढलं.

परत येताना गाडीवर अण्णा एवढंच बोलले. "अक्षर चांगलं असलं की माणूस लगीच इस्वास ठेवतंय रं. माझ्या अक्षरावर कुणी ठेवला नसता. तुला दुप्पट बघून लिवाय पायजे."

काम गेलं नाही. पुढच्या रविवारी मी आधी कागद करून दिलेल्या बाकीच्या पाच घरी माझ्या सायकलनं गेलो, प्रत्येक खोलीत दारातून शिरून उभा राहिलो आणि कागद नव्यानं काढले. चूक आमची होती, पण दोन घरांत मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता माझं स्वतःचं लायसन आहे आणि निपाणीत स्वतःचं काम आहे. अण्णांनी काम सोडलं. ते लोंढ्याला लेकीकडे राहतात, नजर अधू झाली आहे, लग्नाच्या वयाची नात त्यांना वाचून दाखवते. यंदा लेकीनं दोन खोल्या बांधल्या, तेव्हा अण्णांनी वायरिंगला मलाच बोलावलं. मी स्लॅबवर पाईप बांधत होतो आणि ते खाली खुर्चीत बसून ओरडत होते, "दार काढलास काय रं?" काम संपल्यावर मी त्या घराचा कागद नीट काढून त्यांना पोस्टानं पाठवला. सोबत हे पत्र होतं.

अण्णा,

हे नातीकडून वाचून घ्या. घराचा कागद पुठ्ठ्यात घालून पाठवतोय. दार जाड काळ्या रेघेनं काढलंय, म्हणजे चष्मा नसला तरी तुम्हाला दिसेल. दारातून आत येऊन उभं राहा आणि कागद तसाच हातात धरा. उजवीकडचा पाईप उजवीकडेच सापडेल. मी दोनदा उभा राहून बघितलंय.

उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला एक बादली पाणी घालायला सांगा. हे तुम्हीच मला शिकवलंत, पण स्वतःच्या घरी विसराल म्हणून लिहितोय.

त्या दिवशी वडगावात तुम्ही 'आमचा कागद' म्हणालात. तो माझा होता. हे तुमच्यासमोर कधी बोलता आलं नाही. इथं माझ्याकडे दोन माणसं कामाला आहेत. त्यांचं काही चुकलं तर गिऱ्हाईकासमोर मीही 'आमचं चुकलं' म्हणतो. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं.

मोठ्या खोलीत पंख्याच्या हुकापासून तीन हातांवर अजून एक हूक आहे. तो कशाला, म्हणून तुमचे जावई विचारत होते. तो पाळण्याचा. स्लॅब ओतायच्या आधीच सळईला बांधून टाकलाय. आता मी प्रत्येक घरी तसंच करतो. नात इथं हसायला लागेल, तिला पुढं वाचायला सांगा. घाई कुणालाच नाही. पण लागेल तेव्हा त्या छताला कुणी ड्रिल लावायचं नाही.