लिंबावर उतरलेली गाडी

साहेबांनी त्या गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मला फार आनंद झाला होता. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून मी कुरकुऱ्या माणूस आहे असं कुणाला वाटेल.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत साहेबांचा रबराचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. मी तिथे इंजिनिअर. वडील देवळ्याच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नोकरीसाठी फिरायचो तेव्हा समोरच्याने इंग्रजीत विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. साहेबांनी मराठीत विचारलं, "रबर आपल्या जागी परत का येतं, सांग बघू." मी सांगितलं आणि नोकरी मिळाली. आई अजून म्हणते, "तुना साहेब देवमाणूस शे." मी कधी नाही म्हटलेलं नाही.

गाडी परदेशी, जुनी, दोनच माणसांची. इतकी बुटकी, की साहेब तिच्यात विहिरीत उतरल्यासारखे उतरायचे. वळणावर तिचं पुढचं चाक भरकटायचं आणि खड्ड्यात ठक्क आवाज यायचा. बुश गेले होते. चाकाला धरणारी लोखंडी भुजा गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेली असते, तिथे एकात एक अशा दोन नळ्या असतात आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. तोच बुश. चाक वरखाली झालं की ते रबर पिळतं, आणि पुन्हा सरळ होतं.

"मूळचा पार्ट आता मिळत नाही," साहेब म्हणाले. "काय बसवायचं ते तू निवड. जमलं, तर वरची खोली तुझी."

वरची खोली म्हणजे डिझाइनची. तोवर आम्ही गिऱ्हाईक देईल त्या नमुन्यासारखा माल काढायचो. साहेबांना आता स्वतःची डिझाइनं करायची होती. त्या खोलीत बसून आपण आखलेला एखादा भाग रस्त्यावर पळताना बघावा, एवढंच मला नोकरी लागल्यापासून हवं होतं.

निवड दोनच गोष्टींतून होती: रबर, किंवा पीयू नावाचं कडक प्लास्टिक. साहेबांचा भाचा पीयूच्या बाजूचा. "शर्यतवाले सगळे पीयूच टाकतात," तो मला म्हणाला. "रबर रिक्षाला ठीक आहे. सर, हा तुमचा कांद्याचा ट्रॅक्टर नाही." सगळे हसले. मीही हसलो.

पीयू वाईट नसतं. गाडी वळणावर सुतासारखी जाते. पण रस्त्याचा प्रत्येक दणका ते जसाच्या तसा वर पाठवतं, आणि साहेबांच्या मणक्याची चकती सरकलेली. मी रबर निवडलं, मूळच्याहून जरासं कडक. आमच्याच साच्यात काढलं. रबराच्या मिश्रणाचे घाण्यामागून घाणे बदलले. दुपारचा डबा खातानाही एक तुकडा हाताखाली असायचा, नखाने दाबून बघायला. शेवटचा घाणा हाती आला तेव्हा मला कळलं, हाच.

अशा बुशचा एक नियम आहे. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं खाली लोंबकळतात. तसंच आवळलं, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं.

गाडी दसऱ्याला निघायची ठरली. सकाळी ती लिफ्टवर होती, बुश बसले होते, बोल्ट नुसते हाताने लावलेले. मी मेकॅनिकला म्हणालो, "मामा, खाली घ्या. चाकं ठोकळ्यांवर टेकवून आवळू."

"मुहूर्ताआधी चाक टेकायचं नाही," भाचा म्हणाला. "टेकेल ते थेट लिंबावर."

"मग लिंबावर उतरवू आणि तिथेच आवळू. अर्ध्या तासाचं काम आहे."

"लिंबू फुटल्यावर गाडी थांबवायची? सर, तुमच्या गावाकडे काय करतात माहीत नाही, इकडे पुढे जातात."

मी साहेबांकडे पाहिलं. ते हार लावण्यात गुंतले होते. "आवळा रे आत्ता," ते म्हणाले. "आल्यावर बघू."

मामांनी लोंबकळत्या चाकांवर बोल्ट आवळले. चार लिंबं ठेवली, नारळ फुटला, गाडी उतरली, लिंबं चिरडली. गाडी फाटकाकडे निघाली तसा मी "साहेब" म्हणत दोन पावलं पुढे झालो. मामांनी दंड धरला. "आवो, निघाल्या गाडीला मागून हाक नाय मारत. लय वाईट असतं."

साहेब त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. खूश होते, पाठ दुखली नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी बोल्टची आठवण करून दिली. "अरे, पूजा झालेल्या गाडीचे बोल्ट लगेच सैल करायचे? दिवाळी होऊ दे." दिवाळीनंतर गाडी भाच्याकडे, मग लग्नसराई. दर वेळी मी विचारत राहिलो आणि दर वेळी ते "हो रे हो" म्हणत राहिले.

उन्हाळ्याच्या आत ठक्क आवाज परत आला. बुश काढून मी करवतीने कापला. सगळ्या भेगा एकाच दिशेने पिळलेल्या. साहेबांच्या टेबलावर ठेवून भेगांवरून बोट फिरवत सांगितलं, रबर खराब नव्हतं, ते पिळलेलं आवळलं गेलं.

"आता लिंबाला दोष का?" भाचा म्हणाला.

साहेब हसले. रागावले नाहीत, हे लिहिलं पाहिजे. "रबर ते रबर," म्हणाले. "जाऊ दे. शिकायला मिळालं ना?"

पीयूचे बुश आले आणि टिकले. टिकणारच. पीयू नळीला चिकटवलेलं नसतं, नळी त्यात मोकळी फिरते, मग बोल्ट हवेत आवळा की जमिनीवर, त्याला फरक पडत नाही. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं, हे या गाडीवर आता कधीच दिसणार नाही. वरची खोली भाच्याला मिळाली. साहेब शर्टाखाली कमरेचा पट्टा लावतात. गाडीतून उतरताना दाराची चौकट धरून जरा वेळ तसेच उभे राहतात, आणि मला म्हणतात, "रस्ता कसा थेट हाताला कळतो, बघ."

कापलेला बुश त्यांच्या टेबलावर कागदांवर ठेवायला आहे. पाहुणा आला की ते तो उचलून दाखवतात. "हा आमच्या इंजिनिअरचा पहिला प्रयोग. पण मुलगा गुणी आहे."

यंदाच्या दसऱ्यालाही त्यांनी सगळ्यांच्या आधी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे. सोन्यासारखा राहा." मी वाकून पायांना हात लावला. हे मी रीत म्हणून केलं असतं, तर बरं झालं असतं.